तुळसाबाईची पिंजणमशीन

बाभुळगावच्या बसस्टँडवरून बाजाराकडे निघालात, की उजव्या हाताला टिनाचे एक शेड लागते. त्याच्या मागच्या अंगाला, बेशरमाच्या झुडपांत, लाकडा-लोखंडाची एक मोठी पेटी बसल्या म्हशीसारखी पडून आहे. शेळ्या तिच्यावर चढून निंबाचा पाला ओरबाडतात. मित्रांनो, ती पेटी म्हणजे मी. मी एक जुनी पिंजणमशीन आहे.

तुमच्यापैकी पुष्कळांनी अशी मशीन पाहिलीही नसेल. गादी भरण्याआधी रुई पिंजावी लागते. रुई दबलेली असते, तिच्यात गाठी असतात, पाचोळ्याचे कण अडकलेले असतात. ती एका तोंडाने माझ्यात घालायची. आत दातेरी रूळ गरगरा फिरतो. दुसऱ्या तोंडाने तीच रुई ढगासारखी फुलून बाहेर पडते. अशा रुईच्या गादीवर थकलेला माणूस आडवा झाला, की त्याला कूस बदलायचीही आठवण राहत नाही. हे काम मी बरीच वर्षे केले. माझ्यापाशी उभे राहून ते जिने करून घेतले, तिचे नाव तुळसाबाई. ती आता नाही. म्हणून तिची हकीकत मलाच सांगावी लागते.

माझा जन्म अमरावतीला, गफ्फार मिस्त्रींच्या वर्कशॉपात झाला. वर्कशॉप म्हणजे एक खोली आणि पुढे पत्र्याचा मांडव. मिस्त्री एका वेळी एकच मशीन बांधत. सागाच्या फळ्या ते स्वतः निवडून आणत. रुळावरचा एकेक दात हाताने बसवत आणि मग डोळे मिटून त्यावरून बोट फिरवत. माझे काम पुरे झाले तेव्हा त्यांनी मूठभर रुई माझ्यात टाकली. ती फुलून बाहेर आली, तशी तळहातावर घेऊन त्यांनी हलकेच फुंकली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "जा बेटी, किसी का घर बसा दे," ते म्हणाले. मोठ्या कारखान्यात जन्मले असते तर मला नंबर मिळाला असता. गफ्फार मिस्त्रींकडे मला बेटी म्हणून निरोप मिळाला.

मला विकत घेतले ते सरकारने. मागास समाजातल्या बायांना स्वतःच्या पायावर उभे करण्याची एक योजना निघाली होती. तुळसाबाईने तिच्यात नाव दिले होते. तोवर ती गावातल्या जिनिंग कारखान्यात कामाला जायची. कापसाच्या ढिगात बसून त्यातली किडकी बोंडे आणि कवडी, म्हणजे डागाळलेला कापूस, वेचायची. नवरा देवराव शिंपीकाम करायचा. शिंपी जातीचा नव्हे. त्याच्या बापाने धर्मांतरानंतर गावकीची कामे सोडली आणि मुलाला एका शिंप्याच्या दुकानात बसवले, तेव्हापासून त्याच्या हाताला सुई होती. दोघांच्या मनात एक साधा हिशेब होता. तिने रुई पिंजावी, त्याने खोळ शिवावी, आणि दोघांनी मिळून गादी भरावी.

मी मेटॅडोरमधून उतरले त्या दिवशी शेडसमोर मांडव होता. शेडची जागा ग्रामपंचायतीची, भाड्याची. तुळसाबाईने आत बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली. योजनेचे साहेब यवतमाळहून जीपने आले. त्यांनी सोबत नारळ आणला होता. तो त्यांनी माझ्याच कोपऱ्यावर फोडला. मग ते भाषणात म्हणाले, "तुळसाबाई, आजपासून तुम्ही मजूर नाही. तुम्ही उद्योजक आहात!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सगळे गेल्यावर तुळसाबाईने नवऱ्याला हळूच विचारले, "उद्योजक म्हंजे काय व्हय?"

"म्हंजे आतापासून तुले सुट्टी नाई," देवराव म्हणाला.

ती पोट धरून हसली. त्या शेडमध्ये मी ऐकलेले ते पहिले हसू.

सुरुवातीला लोकांनी नावे ठेवली. बाईमाणसाने मोटर चालवायची म्हणजे काय, पट्ट्यात पदर अडकला म्हणजे, असे कोणी म्हणे. तुळसाबाई पदर कमरेला घट्ट खोचायची आणि खटका दाबायची. मी घरघरू लागले, की समोरच्या हॉटेलातला माणूस रेडिओचा आवाज वाढवायचा. पण लग्नसराई आली तशी ही तोंडे बंद झाली. आमच्या भागात लेकीला आंदणात गादी द्यायची, तीही आपल्या वावरातल्या कापसाची, अशी आयाबायांची हौस असायची.

अशीच एक जवळच्या बंजारा तांड्यावरची रामीबाई. काचांच्या टिकल्या लावलेली कांचळी-चोळी, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बलोया-बांगड्या, आणि डोक्यावर रुईचे भलेमोठे गाठोडे. जिनिंगात सरकी काढून घेऊन ती तडक आमच्याकडे आली होती.

"तुळसा, हा माह्या वावरातला माल हाय," ती म्हणाली. "यातला एक चिमटाही दुसऱ्याच्या गादीत जाऊ नको देजो. माही पोट्टी यावर निजन."

"इथंच बसून पाह्य ना मंग," तुळसाबाई म्हणाली.

रामीबाई खरेच दिवसभर बसली. रुई फुलून बाहेर पडू लागली तशी तिने दोन्ही हात त्यात खुपसले आणि आपल्या बोलीत गाणे म्हणू लागली. देवराव पाय-मशीन थांबवून ऐकत राहिला. त्या दिवशी आम्ही केलेली गादी किती गुबगुबीत झाली होती म्हणून सांगू! रामीबाईने ती डोक्यावर घेतली आणि रस्त्याने जाताना ओळखीच्या-बिनओळखीच्या प्रत्येकाला हात लावून बघायला लावली.

मित्रांनो, ती माझी सुखाची वर्षे. मुलींच्या वसतिगृहाच्या गाद्याही आमच्याकडेच येत. तिथल्या गृहपाल पद्मजाताई स्वतः येऊन गादी दाबून पाहत आणि समाधानाने मान हलवत. तुळसाबाईने हाताखाली दोन बाया ठेवल्या. पोरगी दीपा शाळेतून आली, की खोळीचे तोंड शिवायला बसायची. आपल्या गावचा कापूस आपल्याच गावात गादी होऊन आपल्याच लोकांच्या पाठीखाली जात होता. त्याची मजुरी आमच्या रस्त्यावरच फिरायची. हॉटेलवाल्याचा चहा आमच्या बाया प्यायच्या, आणि हॉटेलवाल्याची गादी आम्ही भरायचो. धंदा छोटाच होता. पण त्या रस्त्यावरचे लोक त्याच्या आधाराने उभे होते.

एका गोष्टीचा मात्र मला तेव्हापासून घोर होता. रुई फुलते तेव्हा तिचा भुगा उडतो. तो डोळ्यांना नीट दिसतही नाही. शेडला एक दार आणि एक झरोका. दार उघडे ठेवले तर वाऱ्याने रुई रस्त्यावर पळायची, म्हणून ते लावून घ्यावे लागे. आत मग धुके पडल्यासारखे व्हायचे. तुळसाबाई नाकातोंडाला फडके बांधायची, पण जीव घाबरा झाला की ते खाली ओढायची. संध्याकाळी तिच्या खोकल्यातून पांढरे बोळे पडायचे. जिनिंगात काम केलेल्या बाईला त्यात नवल वाटत नव्हते.

एका वर्षी साहेबांनी यवतमाळच्या मेळाव्यात तिचा सत्कार केला. शाल दिली, फोटो काढला. तुळसाबाईने धीर करून तिथेच मागितले, "साहेब, धुराळा बाहीर फेकाले मोठा पंखा पाह्यजे. भित फोडून बसवा लागते. जागा पंचायतीची हाय, आमाले फोडता येत नाई."

साहेब भले होते. त्यांनी बाजूच्या माणसाला लगेच सांगितले, "हे आधी करून टाकायचं." दिवाळीआधी त्यांची बदली झाली. नवे साहेब आले, त्यांना यातले काही ठाऊक नव्हते. पंचायत म्हणाली, वरून सांगून आणा. वरचे म्हणाले, हे पंचायतीचे काम. तुळसाबाईने ठरवले, पुढच्या हंगामात दुसरी जागा पाहू आणि पंखा आपणच बसवू. पुढच्या हंगामात दीपाचे कॉलेज निघाले. त्याच्या पुढचा हंगाम तसा आलाच नाही.

कापसाचे दिवस फिरले होते. ते कसे फिरले हे मोठी माणसे मोठ्या शब्दांत सांगतात. मी शेडच्या दारातून जेवढे दिसले तेवढे सांगते. जिनिंगाकडे जाणाऱ्या गाड्यांच्या रांगा आखूड झाल्या. गाडीवरची माणसे आधी एकमेकांना हाका मारत जायची, ती आता मुकाट जाऊ लागली. बोंडे अळीने खाल्ली, भाव पडले, आणि गावोगावच्या बातम्या हॉटेलात हलक्या आवाजात सांगितल्या जाऊ लागल्या. समोरचा रेडिओ बरेचदा बंदच असे. लोक नवी गादी करायचे थांबले. जुनी उसवून आणायचे, तीच पिंजून द्या म्हणायचे. मग तेही थांबले. आमच्या दोन बायांना तुळसाबाईने एका दुपारी चहा पाजला आणि निरोप दिला. त्या गेल्यावर ती बराच वेळ माझ्या पट्ट्याला तेल देत बसली. पट्ट्याला तेल देत नसतात, हे तिला चांगले ठाऊक होते.

अशातच रामीबाई आली. या वेळी तिच्या डोक्यावर गाठोडे नव्हते. धाकट्या पोरीचे लग्न तिने सामूहिक विवाहात लावले होते. त्या वर्षांत सरकार आणि दानशूर मंडळी मिळून असे मोठमोठे मेळावे भरवत. गरीब बापाच्या डोक्यावरचे ओझे त्याने खरोखरच हलके व्हायचे. नवरा-नवरीला संसाराची भांडीकुंडी मिळायची, आणि कंपनीची, फोमची, गुलाबी फुलांची गादी.

रामीबाई दारातच उभी राहिली. "तुळसा, राग नको मानू," ती म्हणाली. "थोरलीले तुह्याच हातची गादी देल्ली व्हती. हिची बी तशीच करू म्हणत व्हती मी. पन फुकट भेटली, तं नाई कशी म्हनू?"

"कायचा राग वं?" तुळसाबाई म्हणाली. "पोट्टी सुखानं उजवली ना? बस झालं. ये, आत ये."

रामीबाई आत आली नाही. ओटीवर बसून रडली. तुळसाबाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्या मेळाव्याने त्या दिवशी शेकडो पोरींचे संसार मांडून दिले. त्या गाद्या आमच्यासारख्याच गावोगावच्या शेडांत भरून घ्याव्यात, एवढे मात्र कोणाच्या मनात आले नाही. यात कोणी दुष्ट नव्हते, मित्रांनो. दुष्ट असते तर भांडता तरी आले असते.

त्याच उन्हाळ्यात पद्मजाताई आल्या. वसतिगृहाला नवी इमारत मिळाली होती, मुली वाढल्या होत्या. सगळ्या खोल्यांना नव्या गाद्या हव्या होत्या.

"नेहमीप्रमाणे तुमच्याकडूनच घेणार," त्या म्हणाल्या. "शाळा उघडायच्या आत द्याल ना?"

तुळसाबाईचा चेहरा असा उजळला, की दीपानेही पुस्तक खाली ठेवले. "देतो ना मॅडम! तुम्ही बिनघोर राहा."

आता विजेची गंमत ऐका. भारनियमन होते. दिवसातला बराच वेळ वीज नसायची, आणि ती कधी येईल याचा भरवसा नसायचा. म्हणून वीज आली, की मिळेल तेवढी रुई एका दमात पिंजून घ्यायची. पूर्वी तुळसाबाई मध्ये थांबून बाहेर मोकळ्या हवेत उभी राहायची. आता तशी सवड नव्हती. उन्हाळ्याची वावटळ, म्हणून दार बंद. टिन वरून तापलेले. आत मी, रुईचे धुके आणि ती. तिच्या छातीतून एक शिट्टी वाजायची. मोटरच्या आवाजात इतर कोणाला ती ऐकू येत नव्हती; मला यायची, कारण ती माझ्यावर वाकलेली असायची.

एके दिवशी ती माझ्या कडेला धरून खाली बसली आणि उठेना. देवरावने तिला यवतमाळच्या डॉक्टरांकडे नेले. परत आल्यावर तो दीपाला सांगत होता, ते मी ऐकले. डॉक्टरांनी तिला विचारले होते, "बाजाराच्या दिवशी सुट्टी घेता आणि दुसऱ्या दिवशी कामावर येता, तेव्हा छाती जास्त आवळते का?" तुळसाबाई चकित झाली. हे तिने कधी कोणाला सांगितले नव्हते. डॉक्टर म्हणाले, हा रुईच्या धुराळ्याचा आजार आहे. जिनिंगात लागला, इथे वाढला. आता मशीनपासून दूर राहायचे. औषध त्याच्यानंतर.

"झालं तं मंग," देवराव म्हणाला. "उद्यापासून मशीन बंद."

"एवढं हॉस्टेलचं होऊ द्या," तुळसाबाई म्हणाली.

"तुळसा, तुले समजून राह्यलं का डाक्टर काय म्हन्ला ते?"

"समजून राह्यलं. पन पोट्ट्या कशावर निजतीन? मी जबान देल्ली हाय त्या मॅडमले. आन हे हातचं गेलं तं पुन्हा कोन पाहीन आपल्याकडे?"

"माय, मी चालवतो ना मशीन," दीपा म्हणाली.

तेव्हा तुळसाबाई जशी ओरडली, तशी मी तिला कधी ओरडताना ऐकले नव्हते. "तू तिच्यापाशी उभी राह्यली तं पाय तोडीन तुहे!"

तिने त्या गाद्या पुऱ्या केल्या. वीज यायची, ती उठायची, भिंतीचा आधार घेत माझ्यापाशी यायची. खटका दाबल्यावर एक क्षण माझ्यावर हात ठेवून उभी राहायची. मला वाटे, आपण बिघडावे. रूळ अडकावा, मोटर जळावी. पण गफ्फार मिस्त्रींनी मला फार चांगले बांधले होते. मी बिघडले नाही.

गाद्या तयार झाल्या. छताला टेकतील अशा थप्प्या लागल्या. निळ्या पट्ट्यांच्या खोळी, प्रत्येकीचे टाके देवरावने दोनदा तपासलेले. शाळा उघडायच्या आठवड्यात पद्मजाताई आल्या, पण टेम्पो घेऊन आल्या नाहीत. एकट्या आल्या आणि स्टुलावर बसून राहिल्या.

"तुळसाबाई, खरेदी आता वरून एकाच ठिकाणाहून होणार आहे. सगळ्या वसतिगृहांची मिळून एकदम. काल ट्रक आला. फोमच्या गाद्या उतरल्यासुद्धा." त्यांनी पदराने डोळे पुसले. "मी भांडले हो. मला म्हणाले, तुम्हाला तोंडी सांगायचा अधिकारच नव्हता."

 तुळसाबाईने पाण्याचा गिलास पुढे केला. "तुम्ही कायले रडता मॅडम? घ्या, पानी प्या."

पुढच्या आठवड्यात ती दीपाला घेऊन यवतमाळच्या कचेरीत गेली. तिथले साहेब तिसरे होते, तरुण होते. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे वळवला. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बाई, संकटाच्या काळात महिलांसाठी बऱ्याच गोष्टी आल्या आहेत. तुम्हाला शिलाई मशीन देता येईल. शेळ्या देता येतील."

"शिलाई मशीन हाय साहेब," तुळसाबाई म्हणाली. "आमचा धंदा हाय. तो चालू राहाले काई असन तं सांगा."

तरुण साहेब खरे तेच बोलले. "नवीन धंदा सुरू करायला पैसे आहेत. सुरू असलेला टिकवायला माझ्याकडे काही नाही."

दीपा हे वाक्य शेडमध्ये परत आल्यावर पुन्हा पुन्हा म्हणत होती. तुळसाबाई गाद्यांच्या थप्पीला टेकून बसली होती. तिला आता एका दमात चार शब्दही बोलता येत नव्हते.

पावसाळा लागला. गाद्या दमट होऊ लागल्या. देवरावने काही बाजारात नेऊन पडत्या भावात दिल्या. बाकीच्या तशाच राहिल्या. आणि एका सकाळी तुळसाबाईचे ओठ निळे पडले. तिला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात हलवले.

यापुढचे मी पाहिले नाही. देवराव नंतर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, तेच सांगते. दवाखान्यात साथीचे दिवस होते. खाटा भरून गेल्या होत्या. तुळसाबाईला खाट मिळाली, पण व्हरांड्यात फरशीवर खाट न मिळालेले पेशंट ओल्या पोत्यांवर पडून होते. कोणाचा म्हातारा बाप, कोणाची बाळंतीण. दोन दिवस तुळसाबाई नळीतून हवा घेत तिकडे पाहत राहिली. मग तिने नवऱ्याला खुणेने जवळ बोलावले.

"त्या गाद्या," ती म्हणाली. "आना इथं."

"इकाले?"

तिने मान हलवली. नाही.

देवरावने टेम्पो केला आणि शेड रिकामे केले. मी थप्प्या उतरताना पाहत होते. दवाखान्यातल्या सिस्टरने गाद्या पाहून आधी कपाळाला आठ्या घातल्या. मग तिनेच एक गादी उचलून त्या बाळंतिणीच्या अंगाखाली सारली. व्हरांडाभर निळे पट्टे अंथरले गेले. लोक देवरावला विचारत, कोण्या संस्थेने दिल्या? तो खाटेकडे बोट दाखवायचा. त्यांना खरे वाटायचे नाही. तुळसाबाईने दोन दिवस आपल्या गाद्यांवर माणसे निजलेली पाहिली. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

तेराव्याचा प्रकार त्यांच्यात नसतो. पुण्यानुमोदनाला माणसे जमली, बुद्धवंदना झाली. रामीबाई आली होती, पद्मजाताई आल्या होत्या. सगळे गेल्यावर दीपा शेडमध्ये आली आणि तिने माझ्या खटक्याकडे हात नेला.

"बाबा, मी चालवीन. माय चालवत व्हती तशीच."

देवराव उठला. त्याने खोळ कापायची मोठी कात्री घेतली आणि माझा पट्टा कापून काढला. तो चिवट होता. त्याला फार वेळ लागला. कापता कापता तो रडत होता, आणि दीपा त्याच्याकडे बघत उभी होती. मित्रांनो, माझे अंग कापले जात होते, पण मला दुःख झाले नाही. मला वाटले, हे आधी व्हायला हवे होते.

दीपा आता नागपूरला एका मोठ्या दुकानात कामाला आहे. देवरावने शेड पोटभाड्याने दिले. तिथे फोमच्या गाद्यांचे दुकान निघाले. माझी मोटर कोणी विहिरीवर बसवायला नेली, आणि मला मागे, झुडपांत ओढून टाकले. देवराव कधी कधी संध्याकाळी माझ्या पाठीवर येऊन बसतो.

गेल्या महिन्यात शेजारच्या बचतगट भवनात मांडव पडला. जीप आली. भाषणे झाली. उद्योग, विकास, स्वावलंबन, असे शब्द माझ्यापर्यंत ऐकू आले. एका गटाला नवीकोरी पिंजणमशीन मिळाली आहे; चकचकीत, पत्र्याची, परराज्यातून आलेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. देवराव तेव्हा भिंतीआड उभा होता. मांडव उठल्यावर तो तिथे गेला. मशीन चालवणारी मुलगी दीपाच्या वयाची आहे, गुंजन नावाची. ती खिडकीपाशी आली, तेव्हा मला दोघांचे बोलणे ऐकू आले.

"बाई, हवा खेळाले काई केलं का यायनं? धुराळा लय वाईट असते."

"काका, ही नवीन मशीन हाय," गुंजन हसून म्हणाली. "हिचा धुराळा होत नाई, असं साहेबानं सांगतलं."

तिच्या पापण्यांवर रुईचे पांढरे कण बसले होते.

देवराव तिच्याकडे बघत राहिला. तो परत आला, माझ्या पाठीवर बसला, आणि अंधार पडेपर्यंत बसून राहिला.

मित्रांनो, माझ्यासाठी मी काही मागत नाही. मला झुडपांतून काढू नका, रंग देऊ नका. तुमच्यापैकी कोणी उद्या साहेब व्हाल, कोणी दुकानदार, कोणी शिक्षक. कोणाला मशीन द्याल तर जरूर द्या. तुळसाबाईला मी मिळाले तेव्हा ती हसली होती, ते खोटे नव्हते. पण दिल्यावर पाठ फिरवू नका. पुढच्या वर्षी जा, त्याच्या पुढच्या वर्षीही जा. माल कुठे जातो ते विचारा. तुमच्या गावातल्या माणसाने केलेली वस्तू आधी घ्या. आणि मशीनपाशी उभ्या असलेल्या माणसाचा श्वास एकदा कान देऊन ऐका.

भवनातली मशीन या वेळीही सुरू आहे. तिची घरघर मला इथे ऐकू येते. गुंजन अजून खोकत नाही. म्हणून म्हणते, आजच जा.